वजाबाकीतली बाकी

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टीममधल्या एका नव्या मुलाने मला सहज विचारलं, "तू रोज मेट्रो तीनने येतेस ना? मग इन्स्टावर खूप खाली एक फोटो आहे, 'आरे वाचवा'चं पोस्टर धरलेला. ती तूच का?"

त्यात टोमणा नव्हता. तो मुंबईत आला तेव्हा मेट्रो धावायला लागली होती. त्याच्यासाठी आरे म्हणजे शेवटचं स्टेशन. मी "हो, दोन्ही मीच" म्हणून हसले आणि विषय डब्यातल्या भेंडीवर नेला. पण त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली, तरी कानात इयरफोन घालावेसे वाटले नाहीत.

ज्या गोष्टीला रस्त्यावर उतरून विरोध केला, तिचाच फायदा मी दिवसातून दोनदा घेते. मग मी ढोंगी आहे का? आणि ढोंगी नसेन, तर २०१९ साली चुकले होते का? बरेच दिवस मला वाटायचं की यातलं एक उत्तर निवडावंच लागेल. आता तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते नीट मांडायचा हा प्रयत्न.

*

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. मला पहिली नोकरी लागून तीन महिने झाले होते. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आरेतल्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि रात्री फोनवर व्हिडिओ यायला लागले. काळोख, यांत्रिक करवतींची घरघर आणि कुणीतरी रडवेल्या आवाजात "या, लवकर या" म्हणतंय. दुसऱ्या दिवशी मी आणि एक मैत्रीण गोरेगावच्या बाजूने निघालो, तर जमावबंदी लागलेली, रस्ते अडवलेले. आम्ही बॅरिकेडच्या अलीकडे पोस्टर धरून उभ्या राहिलो. तो फोटो तेव्हाचा.

सोमवारी, ७ ऑक्टोबरला, कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेत सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर तोडायची परवानगी असलेल्या २,१८५ झाडांपैकी २,१४१ पडली होती. म्हणजे स्थगिती उरलेल्या ४४ झाडांना मिळाली.

पुढचं थोडक्यात सांगते. २०२०मध्ये सरकार बदललेलं होतं, त्याने कारशेड कांजूरमार्गला नेली. तिथल्या जमिनीच्या मालकीवरून वाद कोर्टात गेला आणि काम अडलं. २०२२मध्ये पुन्हा सरकार बदललं, कारशेड पुन्हा आरेत आली. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी १७७ झाडं काढायला परवानगी दिली. पण आधी परवानगी ८४ झाडांपुरती होती, ती ओलांडायचा प्रयत्न केला म्हणून मेट्रो कंपनीला १० लाखांचा दंडही केला. ऑक्टोबर २०२४मध्ये आरे ते बीकेसी गाडी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५मध्ये ती कफ परेडपर्यंत पोचली. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं.

माझं घर दादरला, ऑफिस सीप्झजवळ. आधी लोकलने अंधेरी, मग बस किंवा शेअर रिक्षा. नशीब चांगलं असलं तर सव्वा तास, पावसात देवाचं नाव. आता साधारण अर्धा तास लागतो, आणि उतरताना ओढणी जागच्या जागी असते.

*

दुसऱ्या पारड्याबद्दल बोलायचं तर आईबद्दल बोलावं लागेल.

आईने अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या हिशेब खात्यात २६ वर्षं नोकरी केली. तोच रस्ता, तीच गर्दी. शेवटची सहा-सात वर्षं गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. तिला उतरायचं असलं की दोन स्टेशनं आधीपासून दारापाशी सरकायला लागायचं. मुंबईच्या लोकलमार्गांवर बहुतेक वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरत आली आहेत. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून. आई घरी यायला उशीर झाला की मी लहानपणी गॅलरीत का उभी राहायचे, ते या आकड्यात आहे.

ती मार्च २०२५मध्ये निवृत्त झाली. मेट्रो तीन दादरला आली त्या वर्षीच्या मे महिन्यात.

एकदा मी तिला विचारलं, "तुला राग येतो का गं माझा? आमच्यामुळे उशीर झाला म्हणून?" उशिराला कोविड होता, राजकारण होतं, भुयारं खणणं होतं. सगळं खापर आंदोलनावर फोडता येणार नाही, हे तिलाही माहीत आहे. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "झाडं तोडायला नको होती, हे मला तेव्हाही पटत होतं. पण अंधेरीच्या पुलावर चेंगरत होतो ना आम्ही बायका, तेव्हा आम्हाला वाचवा म्हणून कुणी पोस्टर धरलं नव्हतं."

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. आणि असं उत्तर नसणं ही चांगली गोष्ट आहे, असं मला वाटायला लागलंय. पर्यावरणाची बाजू घेणाऱ्या आम्हा लोकांना एक सवय असते. समोरच्या पारड्यात फक्त बिल्डर, कंत्राटदार आणि पुढारी बसलेत असं धरून चालायचं. ते असतातही. पण त्यांच्या मागे, दाटीवाटीने, माझी आईही उभी असते.

*

मग तोलायचं कसं?

मी सामान पोचवणाऱ्या एका ॲपसाठी मार्ग काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. तत्त्व सोपं आहे. प्रत्येक रस्त्याला एक वजन द्यायचं. त्यात अंतर, वेळ, सिग्नल, टोल, सगळं एका आकड्यात घालायचं आणि ज्या मार्गाची बेरीज सर्वांत कमी तो निवडायचा. गणित कधी चुकत नाही. दोन वर्षांपूर्वी एका डिलिव्हरीवाल्या दादाने तक्रार केली: तुमचं ॲप रोज दुपारी शाळेच्या गल्लीतून पाठवतं, पोरं सुटलेली असतात, मी गाडी ढकलत नेतो आणि उशिराचे पैसे माझेच कापले जातात. आम्ही तपासलं. गल्ली छोटी, सिग्नल नाही, टोल नाही. आमच्या हिशेबात ती उत्तम गल्ली होती. शाळा सुटलेल्या पोरांसाठी आमच्याकडे रकानाच नव्हता.

मोठ्या प्रकल्पांचा हिशेबही मुळात असाच आहे, आणि त्याची सुरुवात इंजिनीअरनेच केली. ज्यूल द्युपुई हा फ्रान्समधला रस्ते आणि पूल खात्याचा इंजिनीअर. पुलासारख्या सार्वजनिक कामाचा उपयोग मोजायचा कसा, यावर त्याने १८४४मध्ये निबंध लिहिला. लोक त्या सोयीसाठी जास्तीत जास्त किती पैसे मोजायला तयार होतील, तो तिचा उपयोग, असं त्याचं म्हणणं. १९३६मध्ये अमेरिकेच्या पूरनियंत्रण कायद्याने नियम घातला की फायदा कुणाचाही होवो, तो खर्चापेक्षा जास्त असला तर सरकारने त्या कामात पडावं.

'कुणाचाही होवो' हे शब्द उदार वाटतात. पण फायदा कुणाचाही होवो म्हटलं की तोटा कुणाचाही होवो, हेही मागच्या दाराने आत येतं. १९३९मध्ये निकोलस काल्डोर आणि जॉन हिक्स या दोन अर्थतज्ज्ञांनी यावर तोडगा काढला, तो आजही या शास्त्राच्या पायाशी आहे. ज्यांचा फायदा झाला ते ज्यांचं नुकसान झालं त्यांना भरपाई देऊनही फायद्यात राहू शकत असतील, तर बदल चांगला मानावा. 'राहू शकत असतील' एवढंच. भरपाई प्रत्यक्षात द्यायची की नाही, हा प्रश्न राजकारणावर सोपवला गेला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. म्हणजे शाळेच्या गल्लीत थांबलेल्या त्या दादाला आमची कंपनी पैसे देऊ शकते एवढं सिद्ध झालं, की मार्ग बरोबर. त्याचे पैसे कापलेलेच राहिले तरी.

*

आरेच्या वेळी असाच एक हिशेब पुढे आला होता. ही झाडं आयुष्यभरात जेवढा कार्बन शोषतील, तेवढा मेट्रो थोड्याच दिवसांच्या फेऱ्यांत वाचवेल. तेव्हा आम्हाला याचा संताप आला होता. आता इंजिनीअर म्हणून पाहते तर त्या वाक्यात मला गणिताची चूक दिसत नाही. भरलेली मेट्रो हजारो गाड्या आणि रिक्षा रस्त्यावरून कमी करू शकते. दोन हजार झाडं त्या बाबतीत तिच्याशी स्पर्धा करू शकत नाहीत.

चूक आहे ती रकान्यात. झाड म्हणजे कार्बन शोषायचं यंत्र असं एकदा ठरवलं की उत्तर आधीच ठरतं. त्या यंत्राखाली काय काय होतं, ते हिशेबाबाहेर जातं. आरे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. तिथे बिबटे फिरतात. तिथे सत्तावीस आदिवासी पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. वाघोबाची ठाणी आहेत. जो प्राणी आपल्याला खाऊ शकतो त्याच्याशी करार करून शेजारी राहायची ही रीत आहे, आणि ती सीप्झपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. याला कार्बनमध्ये किती लिहिणार?

प्रजापूरपाडा त्यातलाच एक. मेट्रोच्या कामासाठी २०१७मध्ये तिथली कुटुंबं हलवली गेली आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत गेली. कागदावर हे चांगलं दिसतं. कच्च्या घराच्या बदल्यात पक्कं घर. पण जो माणूस भाजी पिकवत होता, ज्याच्या दारात फळझाडं होती, तो आता भाजी विकत घेणार, त्यासाठी रोजंदारी शोधणार. झोपडपट्टीच्या नियमात शेताला रकाना नाही. म्हणून शेत मोजलं गेलं नाही.

याच मार्गावर गिरगाव आणि काळबादेवीतही माणसं हलली. तिथल्या चाळी स्टेशनांसाठी पाडाव्या लागल्या. माझ्या मावशीची एक मैत्रीण त्यातलीच. गिरगावकरांनी मोर्चे काढले, सभा घेतल्या आणि एकच हट्ट धरला: घर देणार तर इथेच, गिरगावातच. तो मान्य झाला. त्यांचेही हाल झाले, वर्षानुवर्षं भाड्याच्या घरात गेली, ते मला कमी लेखायचं नाही. पण एक फरक डोळ्यांत खुपतो. गिरगावचं 'इथेच' सरकारला कळलं. भाडेपावत्या होत्या, मतदारयादीत नावं होती, वर्तमानपत्रांत ओळखीचे लोक होते. पाड्याचं 'इथेच' कळलं नाही. पारडं सोन्यालाही तेच असतं आणि लाकडालाही. पण कुणाचा ऐवज पारड्यात ठेवला जाईल, हे तराजू ठरवत नाही. ते तराजू धरणारा ठरवतो.

आपल्याकडे तर कायदाही तराजू हातात घ्यायची सक्ती करत नाही. पर्यावरणीय परिणाम तपासायची २००६ची अधिसूचना महामार्ग, विमानतळ, बंदरं यांना लागू होते. तिच्या यादीत रेल्वे आणि मेट्रो नाहीत. मेट्रो तीनसाठी अभ्यास झाला, पण तसा तो होतो कर्ज देणाऱ्या परदेशी संस्थेच्या अटींमुळे. ज्यांची जमीन जाणार त्यांना समोर बसवून ऐकायची जनसुनावणी त्या अधिसूचनेने बंधनकारक नाही.

*

ऐकल्याने काय होतं, याचं एक उदाहरण याच शहरात आहे.

किनारी रस्ता जिथे वरळी-वांद्रे सागरी सेतूला जाऊन मिळतो, तिथून वरळी कोळीवाड्याच्या बोटी समुद्रात जातात. आराखड्यात दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर होतं. ते पुरेसं आहे, असं पालिकेचं म्हणणं. कोळी म्हणत होते, नाही. बोट म्हणजे लेनमधली गाडी नाही. वारा असतो, ओढ असते, भरतीच्या वेळी आत येणारी बोट सरळ रेषेत येत नाही. त्यांनी काम अडवून धरलं, बराच काळ. शेवटी डिसेंबर २०२२मध्ये एक खांब काढून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. कोळ्यांची मागणी याहून जास्त होती, आणि त्यांचं बाकीचं नुकसान यातून भरून आलं असं मुळीच नाही. शिवाय तो रस्ता मुख्यतः मोटारवाल्यांसाठी आहे, हे माझं भांडण वेगळंच.

पण मला त्या खांबाचं अप्रूप वाटतं. पैशाने भरपाई देणं म्हणजे नुकसान झाल्यावर त्याची किंमत ठरवणं. खांब काढणं म्हणजे ज्याला माहीत आहे त्याचं ऐकून नुकसानच कमी करणं. भरतीच्या वेळी बोट कशी येते ही माहिती होती. फक्त ती नकाशे काढणाऱ्यांच्या कम्प्युटरमध्ये नव्हती, बोट चालवणाऱ्याच्या हातात होती. काम अडवावं न लागता ती आधीच विचारली असती, तर सगळ्यांचाच वेळ वाचला असता. माझ्या आईसारख्यांचाही. लोकांचं ऐकत बसलं तर प्रकल्प रखडतात, असं म्हणतात. या शहरात मी जे पाहिलंय ते उलटं आहे. न ऐकल्याने जे रखडतं त्याचं बिल आंदोलकांच्या नावावर फाडलं जातं.

*

आता मूळ प्रश्नाकडे येते.

समजा सगळं नीट केलं. रकाने बरोबर होते, सगळ्यांना विचारलं, पर्याय खरंच तपासले, आणि तरीही उत्तर आलं की मेट्रो हवी आणि काही झाडं जाणार, काही घरं हलणार. असं होऊ शकतं. प्रत्येक रस्त्याखाली काहीतरी असतंच. मग निर्णय बरोबर ठरला म्हणजे विषय संपला का?

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने १९६५च्या एका निबंधात मांडलं की दोन कर्तव्यं एकमेकांच्या आड आली आणि आपण योग्य ते निवडलं, तरी न निवडलेलं कर्तव्य विरघळून जात नाही. ते मागे उरतं. बरोबर वागूनही माणसाला रुखरुख लागते, ती त्या उरलेल्याची असते. हे वाचताना मला युधिष्ठिर आठवला. युद्ध न्यायाचं होतं, जिंकलंही. पण शांतिपर्वात तो सिंहासनाकडे पाठ फिरवून बसतो. कृष्णासकट सगळे त्याला समजावतात, कुणी म्हणतं कर्तव्य होतं, कुणी म्हणतं विधिलिखित होतं. युक्तिवाद सगळे ठीक आहेत. पण त्याला जे टोचतंय ते युक्तिवादाने जाणारं नाही. शेवटी तो राज्य स्वीकारतो, आणि पुढे प्रायश्चित्त म्हणून अश्वमेधही करतो. राज्यही केलं आणि देणंही मानलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मराठीत या उरलेल्याला फार चांगला शब्द आहे: बाकी. शाळेत वजाबाकी केल्यावर खाली उरते ती बाकी. आणि वाण्याच्या वहीत तुमच्या नावापुढे लिहिलेली असते तीही बाकी. एकीत गणित संपतं. दुसरीत देणं सुरू होतं. प्रकल्पांचे हिशेब पहिल्या अर्थाने बाकी काढतात: फायद्यातून तोटा वजा, उरला तो निव्वळ लाभ, चला उद्घाटन. दुसऱ्या अर्थाची बाकी कुणाच्याच वहीत लिहिली जात नाही.

मग ढोंगी कोण? मेट्रोत बसणारी मी नाही, असं आता मला वाटतं. गाडीत न बसल्याने एकही झाड उभं राहणार नाही. उलट, एवढी किंमत मोजून बांधलेली गाडी रिकामी धावली तर ती किंमत दुप्पट वाया गेली. ढोंग होईल ते गाडीत बसून "अखेर सगळं चांगलंच झालं ना" म्हणण्यात. आणि २०१९चं पोस्टर? ते चुकलं नव्हतं. आम्ही २,१४१ झाडं वाचवू शकलो नाही, पण त्यानंतर आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. लोकांनी आवाज केला नसता तर ती झाली असती असं मला वाटत नाही.

बाकी फेडायची तर काय करायचं, याची मोठी योजना माझ्याकडे नाही. थोड्या साध्या गोष्टी आहेत. बदल्यात लावलेली झाडं लावल्याच्या दिवशी न मोजता पाच वर्षांनी, जगली तेवढीच मोजावीत. उरलेल्या पाड्यांना त्यांच्या जमिनीचे आणि जंगलाचे हक्क कागदावर मिळावेत, म्हणजे पुढच्या वेळी त्यांचंही 'इथेच' वाचता येईल. शेतातून उठवलेल्याला घराबरोबर कामही मिळावं. आणि पुढची मार्गिका आखताना खांब कुठे येणार हे ठरायच्या आधी, तिथे बोट कशी वळते ते विचारावं. यातलं काही माझ्या एकटीच्या हातात नाही. पण मी फायदा घेणाऱ्यांपैकी आहे, म्हणून मागायची जबाबदारी नुकसान झालेल्यांपेक्षा माझी जास्त आहे. आजवर उलटं होत आलंय. ज्याचं गेलं त्यानेच कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या.

माझ्या कोडमध्ये शाळेच्या गल्लीसाठी आता एक रकाना आहे. दुपारी काही ऑर्डर चार मिनिटं उशिरा पोचतात. टीममध्ये यावर वाद झाला होता, अजूनही अधूनमधून होतो.

त्या मुलाला मी नंतर सांगितलं, "एकदा शेवटपर्यंत जाऊन बाहेर पड. स्टेशनच्या मागे काय आहे ते बघून ये." तो खरंच गेला एका रविवारी. सोमवारी डबा उघडता उघडता म्हणाला, "तिथे एक आजी भाजी विकत होत्या. म्हणाल्या, आमच्याच जागेतली आहे. मी घेतली थोडी."

"आणि बाकी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"बाकी विचारलंच नाही मी," तो म्हणाला. आणि मग थोड्या वेळाने, "पुढच्या वेळी विचारतो."